रांग आणि रापण

रापणीसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यासाठी, मासे हेरायचं काम लवूकडे. टेकडीवरून त्याने टॉवेल फडकवला, की हातातलं टाकून अख्खी वाडी किनाऱ्यावर दोर ओढायला धावायची.

आज ग्रामपंचायतीचं मतदान. सकाळीच मत देऊन लवू टेकडीवर आला, तर पाठोपाठ यज्ञेश हजर. रापणीच्याच किनाऱ्यावर हॉटेल बांधायला निघालेला उमेदवार तो. गोड हसून म्हणाला, "लवूदादा, मासे दिसले तर लगेच हाक मारा हं. मत काय, पाच वर्षांनी परत देता येतं."

चार वाजता, शाळेसमोर वाडीची रांग लागलेली असताना, पाणी काळवंडलं. पक्षी तुटून पडले. बांगडाच! महिनाभर जाळं रिकामं येत होतं, आणि आज हा दारात उभा. लवूचा हात तीनदा टॉवेलाकडे गेला. पण एकदा मोडलेली रांग साडेपाचला मतदान संपायच्या आत पुन्हा लागली नसती. शेवटी टॉवेलाची घडी करून तो तिच्यावरच बसला. डोळ्यांदेखत बांगड्यांचा थवा खोल पाण्यात निघून गेला.

संध्याकाळी बोटाला शाई लावून वाडी परतली. लवूला कुणाच्या नजरेला नजर देववेना.

"कायतरी दिसला काय रे, लवू?" चंद्रावतीकाकीने विचारलं.

"नाय गो काकी. दर्यो आज रिकामोच."

काकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खोटा कित्याक बोलतस? रांगेतल्या सगळ्यांची तोंडा दर्याकडेच होती."