वाढदिवसाचा फोटो

खराडीतल्या आयटी पार्कच्या जनरेटर रूममध्ये स्फोट झाला, त्यात तिथं कामाला असलेल्या वैजनाथचा हात भाजला. हात बरा झाला. मनात बसलेल्या भीतीची भरपाई मागायला तो कोर्टात आला होता. साक्षीला त्याची बायको, अनुसया, उभी होती.

कंपनीच्या वकिलांनी तिच्याच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरचा फोटो तिच्यापुढे धरला. "हा तुमच्याच घरचा ना?"

"हो. आमच्या सृष्टीचा सहावा वाढदिवस."

"छान! पाहुणे टाळ्या वाजवतायत, लेक मागून बापाचे कान धरून मस्ती करतेय. अहो, एवढ्या घाबरलेल्या माणसाच्या घरी अशी मजा चालते होय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. वैजनाथनं मान खाली घातली. अनुसयानं फोटोतल्या लेकीवर बोट ठेवलं.

"मस्ती नाही साहेब. टाळ्यांचासुद्धा आवाज यांना सोसत नाही, थरथर कापतात. मेणबत्ती विझली की टाळ्या वाजणार, हे पोरीला ठाऊक होतं. म्हणून केक तसाच टाकून ती बापाचे कान झाकायला पळाली."