दुसरं जाळं

तलावावर तपासनीस म्हणून सोळा वर्षं काढल्यावर माझा सख्ख्या भावावरही विश्वास उरलेला नाही. आज एका काकूंच्या होडीत बादली दिसली आणि तिच्यात तांदळाएवढी माशांची पिल्लं. पिल्लं धरायला सक्त मनाई! जाळ्याला मोजपट्टी लावली; भोकं नियमाप्रमाणे मोठीच. संशय आणखी बळावला. त्यांचा परवाना काढून घेतला. “बारीक जाळं कुठे लपवलंत? मूग गिळून बसू नका, तोंड उघडा!” काकूंनी टोपलीतली एक मासळी उचलून बादलीवर धरली आणि तिचा जबडा दाबला. तोंडातून वीसेक जिवंत पिल्लं पाण्यात पडली. “ही आई पिल्लं तोंडात सांभाळते. जाळ्यात अडकली तरी सोडत नाही, म्हणून मीच त्यांना तलावात सोडते.” मी परवाना परत दिला. “काल अशाच बादलीवरून माझ्या जाऊबाईंचा परवाना फाडलात,” त्या म्हणाल्या. “त्यांना तोंडच उघडू दिलं नाहीत.”