तारखेचा शिक्का

१९७६ सालचा नोव्हेंबर. दुसरी तारीख, मंगळवार. अध्यक्षाच्या निवडणुकीचं मतदान होतं, त्यामुळे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापुढच्या आमच्या बेटावर सकाळपासून लहानथोरांना तारीख पाठ होती.

मर्ल थर्लो मत देऊन थेट व्हर्नाच्या दुकानात आला. दुकानाच्या एका कोपऱ्यात जाळीची खिडकी होती. तेच बेटाचं पोस्ट, आणि व्हर्नाच पोस्टमास्तर. मर्लने कोटाच्या आतून एक जाड पाकीट काढलं आणि खिडकीत ठेवलं. पाकिटाचे कोपरे दमट झाले होते. वर विद्यापीठाचा पत्ता होता. अक्षर नॅडीनचं, त्याच्या मुलीचं.

व्हर्नाने पाकिटाला हात लावला नाही. रविवारी दुपारी, पलीकडे किनाऱ्यावरच्या शाळेत परत जाताना, नॅडीन धक्क्यावर तिला म्हणाली होती, "मावशी, बाबा सही करून पाकीट आणून देतील. एक तारखेचा शिक्का लागतो हं. दोनचा चालत नाही." लवकरचा अर्ज होता तो. बाकीच्या हजारोंच्या आधी, एकाच ठिकाणी करायचा. घेतलंत तर येईनच, असं मुलीने लिहून द्यायचं, आणि पाठवीनच असं बापाने.

"काल संध्याकाळपर्यंत खिडकी उघडी ठेवली होती मी," व्हर्ना म्हणाली.

"विसरलो."

"विसरलास कसला. दिवसभर होडीत बसून होतास, नांगर टाकून. इथून दिसत होतास."

शेगडीपाशी बसलेला म्हातारा ओरिन खोकला. "पिंजरे आपणहून वर येतात का बघत असेल. पोरगी नाही ना मदतीला."

मर्लने वळून पाहिलं नाही. बायको गेल्यापासून शनिवार-रविवार नॅडीनच त्याच्या होडीवर असायची. तो समुद्रातून शेवंडांचे पिंजरे ओढायचा, ती त्यांच्या नांग्यांना, चावू नयेत म्हणून, रबर चढवायची. दोघं फारसं बोलत नसत. बोलावं लागतही नसे.

व्हर्नाने शिक्का उचलला. चिमट्याने त्यातला दोनचा आकडा काढून बाजूला ठेवला. शिक्क्यात एक रिकामी खाच राहिली.

"काल बोट नव्हती," ती म्हणाली. "कालची पत्रं अजून याच थैलीत आहेत. आजची बोट येईलच आता."

"मग?"

"मग तू सांग. आज तारीख काय?"

मर्लने तिच्या डोक्यावरून मागे पाहिलं. भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर होतं. तेच त्याच्या स्वयंपाकघरातही होतं. रोज जेवण झालं की तो पेन्सिलने त्यातला दिवस खोडायचा.

"तुझी नोकरी जाईल, व्हर्ना."

"माझ्या नोकरीचं मी बघेन. दोन म्हणालास तर दोन मारते. पोरीला काही सांगणार नाही. माझ्याकडूनच उशीर झाला म्हणेन."

बाहेर, खडकांच्या टोकापाशी, टपालबोटीचा भोंगा वाजला.

मर्लने टोपी काढली. हातात फिरवली. परत घातली.

"एक," तो म्हणाला.

"एक?" ओरिन खुर्चीत सरळ झाला. "मग मी सकाळी मत कुठे देऊन आलो?"

"तू गप रे," व्हर्ना म्हणाली.

"नाही, उद्या परत द्यायचं असेल तर सांगा. या वेळी दुसऱ्याला देतो."

व्हर्नाने खाचेत एकचा आकडा बसवला, शिक्का शाईवर टेकवला आणि पाकिटावर मारला. मर्लने वाकून पाहिलं.

"नीट उठलाय," तो म्हणाला.

थैली बोटीवर चढेपर्यंत तो धक्क्यावर उभा होता. बोट टोकाआड गेली, तरी उभाच होता.

डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आलं आणि पुढच्या सप्टेंबरात नॅडीन गेली. समुद्राच्या तळाचा अभ्यास केला तिने, पण नोकरी मिळाली ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या समुद्रावर, सिएटलला. आधी उन्हाळाभर यायची, मग आठवडाभर, मग फोन यायचा. ओरिन त्या निवडणुकीनंतरच्याच हिवाळ्यात वारला. तोवर भेटेल त्याला सांगत होता, की यंदा बेटावर एक तारीख दोनदा आली. त्याच्या बोलण्यावर कुणी कधीच विश्वास ठेवला नव्हता, तेव्हाही ठेवला नाही. व्हर्नाची खिडकी अठ्ठ्याऐंशी साली बंद झाली आणि शिक्का सरकारजमा झाला. मर्लने होडीवर दुसरं माणूस घेतलं नाही. अठरा वर्षं एकट्याने पिंजरे ओढले आणि एका मार्चमध्ये झोपेतच गेला.

घर आवरायला नॅडीन आली. तिसऱ्या दिवशी व्हर्नाच्या दारात उभी राहिली, हातात एक जुनं कॅलेंडर घेऊन.

"मावशी, बाबांनी सगळ्या वर्षांची ठेवलीत. एकही दिवस खोडायचा राहिलेला नाही. आई गेली तो दिवससुद्धा खोडलाय. फक्त हा एक सोडला."

व्हर्नाने चष्मा लावला. शहात्तर सालचा नोव्हेंबर. दोनचा चौकोन कोरा होता.

"त्या दिवशी वारा फार होता," ती म्हणाली. "होड्या निघाल्याच नाहीत."