दोन खोल्या, एक फोल्डर

"झालं, काका," नेटवर्क जोडायला आलेली अदिती म्हणाली, आणि पॅसेजमधल्या काळ्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकला. "आता पेनड्राइव्ह घेऊन फिरायला नको. या खोलीत फोल्डरमध्ये टाकलं की त्या खोलीत दिसणार."

गोपाळरावांचा हात आपसूक शर्टाच्या वरच्या खिशावर गेला.

मनीषनगरातलं हे घरांचे नकाशे करणारं ऑफिस दोन साडूंचं. डावीकडच्या खोलीत कृष्णकांत मॅकवर नकाशे काढत. उजवीकडच्या खोलीत सुमंत विंडोजवर बीम-कॉलमचं गणित मांडत. दोघांचे कॉम्प्युटर एकमेकांना ओळख देत नव्हते, तो दोष मशीनचा. दोघे साडू एकमेकांशी बोलत नव्हते, तो दोष एका जिन्याचा. सहा वर्षांपूर्वी तो जिना चढत चढत थेट बीमला जाऊन टेकला. चूक कोणाची, हे अजून ठरायचं आहे. घरमालक आजही वर जाताना कमरेत वाकतो आणि शेजाऱ्यांना वाटतं, माडीवर देव बसवला आहे.

मधल्या पॅसेजमध्ये गोपाळरावांचं टेबल. विंडोजचा पेनड्राइव्ह मॅकला वाचता येई, त्यावर लिहिता येत नसे. म्हणून गोपाळरावांनी दोन ठेवले होते, एक लाल, एक निळा. लालमधून आपल्या मशीनवर, मशीनवरून निळ्यात, मग पलीकडे.

"पण काका, दोन्हीकडे चालेल असा एकच करता आला असता की."

"आला असता ना बेटा. पण मंग मधात मी कशाले लागलो असतो?"

फाइलीबरोबर निरोपही जाई, आणि त्याचीही तीच गत. इकडचा निरोप तिकडे जसाच्या तसा उघडत नसे. कृष्णकांत म्हणत, "विचारा त्याले, एवढा जाड बीम काहून? हत्ती बांधून राहिला का घरात?" डाव्या दारापासून उजव्या दारापर्यंत अकरा पावलं. तेवढ्यात त्याचं होई, "साहेब म्हणून राहिले, तुमच्या कामात दम आहे. फक्त बीम बोटभर बारीक होतो का, पाहा म्हणे." तिकडून सुमंत गुरगुरत, "सांगा, घर बांधायचं आहे, रांगोळी नाही काढायची." परतीच्या अकरा पावलांत त्याचं होई, "नकाशा पाहून डोळे निवले म्हणे. तो कॉलम तेवढा सरकवला तर सोन्याहून पिवळं." कारलं इकडून निघे आणि तिकडे मुरंबा पोचे. गोपाळरावांना यात कधी पाप वाटलं नाही. मशीन मशीनसाठी फाइल बदलून देतं, त्याला कोणी खोटारडं म्हणतं का?

आता ती अकरा पावलंच गेली.

"सर, तुमचं जे काही म्हणणं असेल ते फाइलीतच लिहा," अदितीनं डाव्या खोलीत डोकावून सांगितलं. "तिकडे जसंच्या तसं दिसेल."

"जसंच्या तसं?" गोपाळरावांनी विचारलं.

"अक्षर न अक्षर, काका."

गोपाळराव खुर्चीत बसले. पेनड्राइव्ह गेले तर गेले, टायपिंगची कामं पुष्कळ होती. पण एकाचं म्हणणं दुसऱ्यानं न सोललेलं, न धुतलेलं, विनासाखरेचं एकदा वाचलं, की संध्याकाळपर्यंत दारावरची पाटी उतरणार आणि ऑफिसच्या दोन वाटण्या होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. कोणत्या वाटणीत ते स्वतः जाणार, तेवढं मात्र दिसत नव्हतं.

डावीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. बराच वेळ. मग दिवा लुकलुकला.

उजवीकडे क्लिक वाजली. कूलरचं पाणी तेवढं ठिबकत राहिलं. मग उजवीकडूनही टकटक आली, थोडकी आणि जोराची. पुन्हा दिवा. डावीकडे क्लिक.

अदिती आपल्या लॅपटॉपवर नजर ठेवून होती. कोणी कोणती फाइल कधी उघडली, याची यादी तिथे एकेक ओळीनं वाढत होती. गोपाळराव पाटीचे खिळे मोजत होते.

उजवीकडचं दार उघडलं. सुमंत दारात उभे, चष्मा हातात, चेहरा उतरलेला.

"मॅडम, तुमचं हे काही चालून नाही राहिलं. फाइल आलीच नाही."

तोच डावीकडचं दार उघडलं. "माझ्याकडेही काही आलं नाही," कृष्णकांत म्हणाले.

सहा वर्षांत दोन्ही साडूंचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते असं. बोलले मात्र दोघंही अदितीकडे बघून.

अदिती गोंधळली. तिनं लॅपटॉप हळूच गोपाळरावांकडे वळवला. कृष्णकांत, तीन वेळा. सुमंत, पाच वेळा.

"काका, पाच वेळा वाचली आहे त्यांनी," ती कुजबुजली.

गोपाळरावांनी लॅपटॉपचं झाकण अलगद मिटलं. "नवीन आहे मशीन. चुकत असंल."

कृष्णकांत आत गेले. दार मात्र उघडंच ठेवलं. सुमंतांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"गोपाळराव, तुमचं आपलं जुनंच बरं. जा, फाइल घेऊन या तिकडून." आत वळता वळता ते थांबले. "अन् तो काय म्हणाला तेही सांगा. घाई नाही. चहा घ्या, नीट विचार करा, मग सांगा."