नव्या चाकांची ऐट

लंडनमध्ये रोज स्टेशन गाठायला मी घडीची सायकल घेतली. मग तिला टायटॅनियमचा दांडा बसवला, चामड्याची सीट लावली, पुढे ऐटदार पिशवी अडकवली. घडी केल्यावर ढकलता यावी म्हणून खाली चार चिमुकली चाकंही लावून घेतली. एवढं नटवल्यावर तिला चिखलात घालायला मन होईना. चार महिने मी ती घडी केलेलीच स्टेशनपर्यंत ढकलत नेतोय.

आज शेजारच्या डोरीनबाईंनी फाटकाशी अडवलं. वय ब्याऐंशी, नजर सगळीकडे.

"बाळा, तुझ्यासारखी ढकलगाडी मलाही घ्यायचीय. बटाटे किती मावतात रे हिच्यात?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, बटाटे कसले? सायकल आहे ही, सायकल!" तीन झटक्यांत घडी उघडून मी ती त्यांच्यासमोर उभी केली.

डोरीनबाईंनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"असू दे रे, त्यात लाजायचं काय? माझी नातसुद्धा दोनदा पडली होती. तुलाही येईल हळूहळू."