कच्चे टाके

काकांना घास गिळवेना, ते दिवसेंदिवस वाळत चालले. घरीच शिवणकाम करणाऱ्या काकूंनी त्यांची पँट कंबरेत पहिल्यांदा आवळली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांची तारीख महिन्यानंतरची मिळाली. दुसऱ्यांदा आवळली, तेव्हा ती तारीखही पुढे गेली. दोन्ही वेळा काकूंनी हातानं कच्चे टाके घातले आणि जास्तीचं कापड आत दुमडून ठेवलं. “नीट जेवायला लागलात की उसवून देते.”

आज दवाखान्यातून फोन आला. “डॉक्टर रजेवर आहेत. पुढच्या महिन्यात बघू.”

“बरं,” म्हणून काकूंनी फोन ठेवला.

काकांनी पुन्हा पँट पुढे केली. “घरात शिंपीण आहे म्हणून निभतंय,” ते हसले.

 

काकूंनी मशीनवर दुहेरी टीप मारली आणि आतलं कापड कापून टाकलं.