शंभर टक्के फिट

जुन्या टूरिंग मोटरसायकलचे गळके ब्रेक कॅलिपर प्रशिकने घरीच उघडले, नवे रबरी सील बसवले आणि लिव्हर एकदाच दाबून निकाल जाहीर केला, "बाबा, शंभर टक्के फिट!"

उद्या याच गाडीवर त्याचे वडील ताराचंद पत्नीला मागे बसवून पचमढीचा घाट उतरणार होते. ते प्रशिकला गाडीसह मनीषनगरच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेले आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"ये गा जोरात. माह्यासमोर ब्रेक मार."

"बाजूले व्हा ना बाबा! काहून मजाक करून राहिले?"

"शंभर टक्के म्हनला ना तू? मंग?"

प्रशिकने इंजिन सुरू केले, गिअर टाकला. क्लचवरची बोटे मात्र सुटेनात. अखेर त्याने इंजिन बंद केले.



"बाबा, कॅलिपर पुन्हा एकदा खोलून पाहतो."